मागून येणारी

“तिला पुढे घे ना. किती वेळ मागे चालवणार आहेस?”

ताई एवढंच म्हणाली आणि उशी पोटाशी धरून परत पडद्याकडे बघत बसली. बाहेर अंधार पडला होता, खोलीत दिवा लावायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं. टीव्हीवर एका कड्यावरून झेल नावाचा नायक उतरत होता आणि त्याच्या मागून नायिका व्हॅलेर. तो कडा धरून खाली लोंबला की तीही लोंबायची, तो उडी मारायचा की अर्ध्या क्षणाने तीही तिथूनच उडी मारायची. ‘सी ऑफ स्टार्स’ हा व्हिडिओ गेम मी तोवर अठरा तास खेळून झालो होतो. त्या अठरा तासांत व्हॅलेर एकदाही पुढे आली नव्हती. पुढे कोण चालणार ते बदलता येतं, हे मला माहीत होतं. बदलावं असं मनात आलं नव्हतं, एवढंच. ताईच्या सांगण्यावरून मी ते बदललं. व्हॅलेर पुढे आली, झेल मागे गेला आणि आम्ही कडा उतरलो. गोष्टीत काडीचाही फरक पडला नाही. चार दिवस राहून ताई आपल्या घरी गेली. तिचं वाक्य मात्र माझ्याकडेच राहिलं.

गेम सुरू होताना हा प्रश्न विचारला जातो. सूर्याची शक्ती असलेला झेल की चंद्राची शक्ती असलेली व्हॅलेर? पडद्यावर दोघं शेजारीशेजारी उभे असतात. मी तिथे चांगली दहा मिनिटं घालवली होती, कारण जुन्या गेम्सची सवय अशी की सुरुवातीला निवडलं ते शेवटपर्यंत भोगायचं. इथे तसं काहीच नसतं. दोघंही पहिल्यापासून सोबत असतात, दोघांची ताकद वाढते, दोघांशिवाय कथा हलत नाही. निवडायचं असतं ते फक्त पुढे कोण चालणार एवढंच. ते कळल्यावर मला थोडं फसवल्यासारखं वाटलं होतं आणि मग मी ते विसरूनही गेलो. आपण ज्याला चालवतो तोच आपल्याला दिसतो. मागचा असतो, पण सावली असावी तसा.

मागून चालणाऱ्या पात्रांचं गणित किती साधं आहे, ते मला खूप उशिरा कळलं. पुढचा जिथे जिथे पाऊल टाकतो त्या जागांची एक यादी मनात धरली जाते आणि मागच्याला त्या यादीतली काही पावलं आधीची जागा दिली जाते. बस्स. मागचं पात्र कुठे जायचं ते ठरवत नाही, वाट शोधत नाही, ते फक्त पुढच्याचा काही क्षणांपूर्वीचा भूतकाळ चालत असतं. १९८७ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट २’मध्ये तीन नातलग असे एकामागोमाग एक रांगेत चालायचे, आणि पुढे कित्येक गेम्समध्ये ती रांग तशीच राहिली. त्याच मालिकेत साथीदार लढाईत मेला तर तो रांगेतून नाहीसा होत नाही. त्याच्या जागी एक शवपेटी येते आणि तीसुद्धा तितकीच शिस्तीत, प्रत्येक वळण घेत, मागून येत राहते. लहानपणी ते पाहून मला काही वाटलं नव्हतं. आता वाटतं, की गेम्सच्या जगात इतकी उदास गोष्ट क्वचितच कुणी इतक्या सहजपणे केली असेल.

‘सी ऑफ स्टार्स’मध्ये ही रांग फार सुंदर हलते. माणसं पोहतात, कड्यांना लोंबकळतात, भिंतीच्या कडेने सरकतात आणि मागचे त्याच वाटेने, त्याच चपळाईने येतात. वर प्रकाश बदलत राहतो. चित्रं जुन्या वळणाची, ठिपक्याठिपक्यांची आहेत, पण त्यांच्यावर पडणारा उजेड आजचा आहे. सूर्य आणि चंद्र या दोघांच्या हाताशी असल्यामुळे हवं तेव्हा दुपारची रात्र करता येते आणि ती होताना प्रत्येक खांबाची, प्रत्येक झाडाची सावली जमिनीवरून फिरत जाते. मी कितीदा तरी काहीही काम नसताना नुसता उभा राहून दिवस मावळवला आहे. त्या प्रत्येक वेळी व्हॅलेर झेलच्या मागे उभी असायची. चंद्र तिचा, पण आकाशात तो आणणारा हात मात्र माझ्या लेखी झेलचाच.

आता ताईबद्दल लिहायला हवं.

ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी नऊ वर्षांचा असताना आमच्या घरी टीव्हीला जोडायचा एक वापरलेला गेम आला, सोबत ‘क्रोनो ट्रिगर’ची कॅसेट. कंट्रोलरला आम्ही रिमोट म्हणायचो. तो एकच होता आणि तो माझ्या हातात असायचा. याबद्दल कधी भांडण झाल्याचं मला आठवत नाही, आणि हेच आता खुपतं. कारण ‘क्रोनो ट्रिगर’ हा नुसता अंगठ्यांनी खेळायचा गेम नव्हे, त्यात पानंच्या पानं वाचायला लागतात. माझं इंग्रजी तेव्हा ‘धिस इज अ कॅट’पाशी घुटमळत होतं. पडद्याच्या कडेला निळी चौकट उघडायची, त्यात पांढरी अक्षरं टिकटिक करत उमटायची, आणि माझ्या डाव्या बाजूला बसलेली ताई ते वाचून लगेच मराठीत सांगायची. नुसतं सांगायची नाही, बोलायची. प्रत्येकाला आवाज होता. राजकन्या असूनही घरातून पळालेली मार्ल घाईघाईने, शब्द गिळत बोलायची. रोबो प्रत्येक शब्दानंतर थांबायचा. यंत्रं बनवणारी, चश्मेवाली लुक्का मात्र थेट ताईच्या स्वतःच्या आवाजात बोलायची, काही न बदलता. आम्ही दोघांनीही त्यावर कधी काही म्हटलं नाही.

बेडकाचा आवाज सर्वांत खास होता. फ्रॉग हा शापामुळे बेडूक झालेला योद्धा, आणि इंग्रजीत तो फार जुन्या, राजदरबारी थाटाच्या भाषेत बोलतो. तेरा वर्षांच्या मुलीला ते ‘दाऊ’ आणि ‘दाय’ काय कळणार? तिने काय केलं, तर त्याला पोथीतल्यासारखं बोलायला लावलं. “कोण तू? कोठून आलासी? मम खड्ग पाहूनही भय न वाटे?” मी हसून लोळायचो. पुढे कधीतरी वाचनात आलं, की मूळ जपानीत तो बेडूक असा बोलतच नाही. ती जुनाट भाषा इंग्रजीत आणली अनुवादक टेड वूल्झी यांनी. कॅसेटमध्ये मजकुराला जागा तुटपुंजी असायची, मुदत त्याहून तुटपुंजी, आणि त्या काळी हे अनुवादक जवळपास एकट्याने हजारो वाक्यं आवरून, कापून, पुन्हा घडवून बसवायचे. २००८ साली नवा अनुवाद झाला तेव्हा ती बोली बहुतेक काढून टाकली गेली. अधिक इमानी अनुवाद असेलही तो. माझा बेडूक मात्र आधी वूल्झींनी आणि मग ताईने, असा दोनदा नव्याने घडवलेला होता. मला तोच खरा वाटतो आणि यात मी माघार घेणार नाही.

एक रात्र मात्र हसण्याची नव्हती. गेमच्या उत्तरार्धात सगळे जंगलात शेकोटीभोवती बसतात, बोलतात, झोपी जातात. लुक्का एकटी जागी होते. झाडांत एक लाल दार उघडलेलं असतं, आणि त्यातून ती पोहोचते दहा वर्षं मागे, स्वतःच्या घरी, जिथे लवकरच तिच्या आईचा स्कर्ट यंत्रात अडकणार आहे आणि तिचे पाय कायमचे जाणार आहेत. घरात एक चिठ्ठी असते. यंत्र थांबवायचा परवलीचा शब्द म्हणजे आईचं नाव, असं त्या चिठ्ठीतून कळतं. आईचं नाव लारा. आणि हे नाव गेममध्ये लिहायचं नसतं, रिमोटवर दाबायचं असतं. एल, ए, आर, ए. ही चारही बटणं त्यावर खरोखरच होती. एल आणि आर खांद्यांवर, ए उजवीकडे. इतकी साधी आणि इतकी क्रूर कल्पना मी नंतर कुठल्या गेममध्ये फारशी पाहिली नाही. गेम एका क्षणासाठी पडद्याबाहेर येतो आणि तुमच्या बोटांनाच आईचं नाव उच्चारायला लावतो.

ताई चिठ्ठी वाचताना अडखळली. तिचा आवाज थांबला, ओठ हलत राहिले. मी “काय लिहिलंय? काय लिहिलंय?” करत होतो. मग यंत्र सुरू झालं. “नाव! आईचं नाव! एल दाब! एल! ए!” मी एल दाबलं, ए दाबलं, आणि आर कुठे आहे तेच मला सुचेना. कित्येक महिने त्याच रिमोटवर खेळत होतो आणि आर सापडेना. तेव्हा तिने हात पुढे केला. माझ्या बोटांवरून तिचं बोट गेलं, तिने आर दाबलं. उशीर झाला होता. आईची किंकाळी लिहून आली. ती वाचून दाखवायची गरज नव्हती. खोलीत नुसता टीव्हीचा बारीक शिट्टीसारखा आवाज राहिला. आधीचं सेव्ह बरंच मागचं होतं. मी म्हटलं, परत तिथून खेळू. ताई म्हणाली, “नको. राहू दे. आता तिची आई अशीच.” आणि उठून आत गेली.

त्या दोन-तीन वर्षांत तिचं बोट रिमोटवर पडलेलं मला तेवढं एकदाच आठवतं.

पण मी हे उलट्या क्रमाने सांगतो आहे. त्याच्याही आधी क्रोनो मेला होता. ज्यांनी तो गेम खेळला आहे त्यांना तो प्रसंग सांगायला नको, आणि नसेल खेळला तर इतकंच पुरे, की ज्या मुलाला तुम्ही पहिल्या मिनिटापासून चालवत आला आहात, जो एक शब्द बोलत नाही आणि म्हणूनच तुम्ही जो असता, तो कथेच्या मध्यावर सगळ्यांच्या पुढे जाऊन हात पसरून उभा राहतो आणि राखेसारखा उडून जातो. १९९५ साली नायकाचं असं करणं हे धाडस होतं. मला धाडस वगैरे काही दिसलं नाही. मला एवढंच दिसलं की माझा माणूस पडद्यावर नाही. मी ताईकडे बघितलं. तिने पडद्याकडे बघितलं. खाली अक्षरं उमटत होती, मार्ल काहीतरी म्हणत होती, आणि ताई म्हणाली, “दुसऱ्या काळात फेकला गेलाय तो. येणार आहे परत. हे म्हणतायत की शोधायला जाऊ.”

असं कुणीही म्हणत नव्हतं. ते मला मोठेपणी, तोच गेम एकट्याने पुन्हा खेळताना कळलं. तिने धडधडीत खोटं सांगितलं होतं. आणि नवल असं, की ते खोटं खरं ठरलं. त्या गेममध्ये क्रोनोला खरंच परत आणता येतं. जत्रेतून त्याच्यासारखा हुबेहूब बाहुला मिळवायचा, भविष्यातल्या मृत्यूच्या डोंगरावर चढायचं, काळ गोठवायचा, आणि त्या भयंकर क्षणात क्रोनोच्या जागी बाहुला उभा करून त्याला अलगद बाजूला काढायचं. हे करायलाच हवं असंही नाही. त्याला मेलेला ठेवूनही गेम संपवता येतो. आम्हाला तो डोंगर सापडेपर्यंत कित्येक आठवडे गेले, आणि त्या सगळ्या आठवड्यांत मी निर्धास्त होतो, कारण मला ‘सांगितलेलं’ होतं. ती निर्धास्त नव्हती. ती रोज माझ्या शेजारी बसून, पुढे काय होणार हे ठाऊक नसताना, आपलं वाक्य खरं व्हायची वाट बघत होती.

एक गोष्ट त्यातच आठवली. क्रोनो असेपर्यंत रांगेतली पहिली जागा त्याचीच असते, ती बदलता येत नाही. तो गेल्यावरच ती मोकळी होते आणि पहिल्यांदा दुसरं कुणी पुढे चालू शकतं. तेव्हा ताई म्हणाली होती, “लुक्काला घे.” मी आयलाला घेतलं होतं, कारण आयलाचा ठोसा जोरदार लागायचा.

‘सी ऑफ स्टार्स’ बनवणारी माणसं याच गेमच्या मागून चालत आली आहेत. क्यूबेकमधला साबोटाज हा स्टुडिओ, दिग्दर्शक थिएरी बुलांजे, आणि २०२३ च्या २९ ऑगस्टला आलेला हा गेम. पावलं कुठे कुठे जुळतात ते जाणत्या डोळ्याला लगेच दिसतं. लढाई वेगळ्या पडद्यावर न होता आपण उभे असतो तिथेच होते. दोघांनी मिळून मारायचा ‘सोल्स्टिस स्ट्राइक’ पाहिला की क्रोनो आणि फ्रॉगचा फुलीसारखा छेदून जाणारा वार आठवतो. शेकोट्या तर सगळीकडे आहेत. तिथे स्वयंपाक करायचा, झोपायचं, आणि टीक्स नावाच्या मुलीकडून जुन्या काळच्या गोष्टी ऐकायच्या. ताईने टीक्सला पाहिलं आणि “ही बरी आहे, बसून गोष्टी सांगते,” एवढंच म्हणाली.

संगीतात तर ही रांग अक्षरशः उलटी झाली आहे. ‘क्रोनो ट्रिगर’चं संगीत यासुनोरी मित्सुदा यांचं. तेव्हा ते विशीतले, तो गेम बनवणाऱ्या स्क्वेअर कंपनीत आवाज बनवण्याच्या कामावर होते. संगीत करू देणार नसाल तर नोकरी सोडतो म्हणाले, तेव्हा हे काम मिळालं. मग असे राबले की पोटाच्या अल्सरने आडवे झाले, आणि उरलेल्या काही रचना नोबुओ उएमात्सुंनी पुऱ्या केल्या. ‘सी ऑफ स्टार्स’चे मुख्य संगीतकार एरिक ब्राउन, आणि मित्सुदा पाहुणे म्हणून काही रचना देऊन गेले आहेत. जो पुढे चालत होता तो पाहुणा होऊन मागे आला आणि ज्याने त्याची पावलं पाहिली तो पुढे झाला. मी हेडफोन लावून कुठली रचना कुणाची ते ओळखायचा खूप प्रयत्न केला. काही ठिकाणी खात्रीने सांगतो, काही ठिकाणी पार चुकतो. चुकतो तेव्हा जास्त आनंद होतो.

तिसऱ्या दिवशी मी ताईच्या हातात रिमोट दिला. ती नको नको म्हणाली, मग घेतला. या गेममध्ये वार करताना बरोबर त्या क्षणाला बटण दाबलं तर वार जोरात लागतो, आणि आपल्यावर वार होताना दाबलं तर कमी लागतो. व्हॅलेरकडे ‘मूनरँग’ नावाची चंद्रकोर आहे. ती फेकायची, शत्रूवर आपटून परत आली की काठीने पुन्हा टोलवायची, पुन्हा येते, पुन्हा टोलवायची, आणि हळूहळू तिचा वेग वाढत जातो. ज्याची वेळ चुकली त्याची चंद्रकोर पडली. माझी सहा-सातच्या पुढे क्वचित जायची. ताईने पहिल्यांदा चार मारले, दुसऱ्यांदा नऊ, आणि मग एकदा मी मोजणं सोडून दिलं. तिचा चेहरा पूर्ण स्थिर होता, नुसता अंगठा हलत होता. प्रत्येक टोल्याला टण्ण असा कोवळा आवाज येत होता आणि निळा उजेड तिच्या चष्म्यावर लागून जात होता. मला एकाच वेळी फार आनंद झाला आणि फार वाईट वाटलं. हे तिच्या हातात तेव्हाही असणार. माझ्यापेक्षा चांगलंच असणार.

आता गेमबद्दलची माझी एक खरी तक्रार. नायक दोन, पण दोन वेगळी माणसं नाहीत. झेलचं वाक्य व्हॅलेरच्या तोंडी घातलं तर बऱ्याच ठिकाणी फरक पडणार नाही. दोघंही भले, शूर, समजूतदार. लढाईत ती किती वेगळी आहेत! एकाला बटण दाबून धरायचं आणि सूर्याचा गोळा वाढू द्यायचा, दुसरीला टोले मोजत राहायचं. एकाचं काम धरून ठेवण्याचं, दुसरीचं सोडून पुन्हा झेलण्याचं. इतका नेमका स्वभाव हातांना दिला आणि तोंडाला द्यायचं राहून गेलं. त्यामुळे कथा आपोआप तिसऱ्याकडे सरकते. गार्ल हा त्यांचा बालमित्र. लहानपणी तिघं चोरून एका गुहेत जातात, त्यात गार्लचा एक डोळा जातो. झेल आणि व्हॅलेरला शक्ती असल्याने त्यांना शिकायला दूर नेलं जातं. गार्लकडे शक्ती नाही. तो मागे राहतो, वर्षानुवर्षं वाट बघतो, आणि त्या काळात स्वयंपाक शिकतो, मित्र परत आले की त्यांना खायला घालता यावं म्हणून. मग मोठा झाल्यावर पातेलं आणि झाकण घेऊन शक्तिमान योद्ध्यांच्या लढाईत उतरतो. रांगेत तो नेहमी मागे. माणसांशी बोलणं मात्र त्याचंच, अडलेलं काम त्याच्यामुळे होणार, भेदरलेल्याला धीर तोच देणार.

आणि तोच मरतो. बरी न होणारी जखम होते, रेशान नावाचा साथीदार त्याला थोडासा वेळ उसना मिळवून देतो, आणि तो वेळ गार्ल रडण्यात घालवत नाही, मित्रांचं राहिलेलं काम पुढे नेण्यात घालवतो. तो प्रसंग आला तेव्हा रिमोट माझ्याकडे होता आणि ताई वाचत होती. हो, पुन्हा वाचायला लागली होती, मोठ्याने, मराठीत, न सांगता. मला आता इंग्रजी येतं, तरीही मी डोळे अक्षरांवरून काढून घेतले होते. गार्लसाठी तिने कुठला खास आवाज काढला नव्हता. ती वाचता वाचता थांबली. मी वाट बघितली. मग ती म्हणाली, “गेला.” एवढंच. काही मऊ केलं नाही, काही जोडलं नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, “हा पण येतो का परत?”

येतो. त्यासाठी गेम एकदा संपवून पुन्हा कामाला लागायचं. जगभर लपलेले इंद्रधनुषी शंख वेचायचे, अर्धवट सोडलेल्या सगळ्यांच्या गोष्टी पुऱ्या करायच्या, आणि मग काळात मागे जाऊन त्याला त्या घावातून वाचवायचं. खरा शेवट त्यानंतरचा. त्या शेवटाबद्दल माझं मन अजून एका बाजूला झुकत नाही. गार्ल नसलेला पहिला शेवट मला जास्त प्रामाणिक वाटतो. मित्र गेला, ही दोघं आपल्या जागी निघून गेली, पोकळी पोकळीच राहिली. शंख मोजून मिळालेल्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा, असं एकदा वाटतं. आणि तरी मी एकूण एक शंख वेचले. पहाटे तीनपर्यंत जागून, समुद्रतळाशी, छपरांवर, धबधब्यांच्या मागे. सगळं ठाऊक असून, नऊ वर्षांचा असताना होतो तितकाच निर्धास्त.

ताईला तेव्हा मी फक्त “येतो” म्हटलं. तिने मान हलवली. तिला खरं वाटलं की नाही, कळलं नाही.

परवा फोनवर मी शेवटी विचारलंच. आधी इकडचं तिकडचं बोललो. मग म्हटलं, “ताई, लुक्काच्या आईचं ते यंत्र आठवतं? एल, ए, आर, ए?” ती हसली. आठवत होतं. मी म्हटलं, मला तेव्हा आर सापडला नाही, त्याबद्दल मला इतकी वर्षं वाईट वाटत आलंय. पलीकडे जरा शांतता झाली. मग ती म्हणाली, “तुझं काय त्यात? मला चिठ्ठीतला एक शब्द अडला होता. तोच लावत बसले आणि वेळ गेला.”

“कोणता शब्द?”

“आता कुठे आठवतोय!”

“पण तुला तर सगळं यायचं.”

“अरे, सातवीत होते मी. निम्मं चित्रं बघून जुळवायचे.” आणि मग, जणू ही अगदीच साधी गोष्ट आहे अशा सुरात, “तू असा तोंडाकडे बघायचास, काहीतरी सांगावंच लागायचं.”

मी विचारलं, रिमोट कधी मागितला का नाहीस. ती म्हणाली, मागून काय केलं असतं, वाचायचं कोणी? तिच्या आवाजात तक्रार नव्हती. नव्हतीच, की मला ऐकू आली नाही, हे मला सांगता येणार नाही. मी लुक्काला पुढे घेतलं नाही ते तिला आठवत होतं का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं आणि मी ते तसंच ठेवलं. मग मी तिला सांगितलं की ‘सी ऑफ स्टार्स’मध्ये आता एकाच टीव्हीसमोर बसून तीन जणांपर्यंत एकत्र खेळता येतं, २०२४ मध्ये तशी सोय आली आहे. पुढच्या वेळी तू आलीस की दोन रिमोट घेऊन बसू. ती म्हणाली, “चालेल. पण ती चंद्रवाली माझी.”

फोन ठेवल्यावर मी गेम लावला. नवी सुरुवात. पडद्यावर दोघं शेजारीशेजारी उभे राहिले आणि पुढे कोण, ते विचारलं गेलं. मी व्हॅलेर निवडली, तिला थोडं चालवलं, एका काठावर नेलं आणि खाली उडी मारायला लावली. मग रिमोट खाली ठेवून बघत राहिलो. वर झेल अजून काठावर होता. अर्ध्या क्षणाने तोही आला.